टिल्लीच्या तंबूत पाच मुक्काम

३ सप्टेंबर, मंगळवार. दुपार

पोहोचले. पाऊस माझ्या आधीच येऊन बसला होता!

बस थांब्यापासून कॅम्पच्या फाटकापर्यंत वीस मिनिटं चालले. पाठीवर तंबू, एका हातात स्टोव्ह, दुसऱ्या हातात बटाट्यांची पिशवी, आणि बुटांत पाणी. रखवालदाराने वहीत नाव लिहून घेतलं. "किती जण?" एकटी. "किती दिवस?" पाच रात्री. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. म्हणाला, "दुपारी उघडेल, ताई." तेव्हा दुपारचे दोन वाजले होते!

अख्ख्या मैदानात माझा एकटीचा तंबू. बाकी नुसती हिरवळ, चार झाडं आणि नळ. या वयात हौस म्हणून आले असं रखवालदाराला वाटलेलं दिसतंय. वाटू दे.

संध्याकाळ

तंबू उभा केला. जरा बसून लिहिते.

हौस कसली, घरचा नियम आहे. सासऱ्यांनी घालून दिलेला. आमच्या कारखान्यातून नवीन घाटाचा तंबू विकायला काढायचा तर आधी कुणीतरी त्यात भर पावसात पाच रात्री राहायचं. ज्याने शिवला त्याने नाही, दुसऱ्याने. आणि एकट्याने — दोघं असली की गप्पा मारत बसतात, तंबूकडे कुणाचं लक्ष राहत नाही. सुई-दोरा बरोबर न्यायचा नाही. शिवणाऱ्याशी पाच दिवस बोलायचं नाही. शेवटच्या दिवशी दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचं, पास किंवा नापास, आणि शिवणाऱ्याने स्वतः येऊन ते वाचायचं. माझा पहिला तंबू सासऱ्यांनी नापास केला होता. दोन दिवस जेवले नव्हते मी.

सासऱ्यांनंतर सगळे मुक्काम ह्यांनी केले. या वेळी ह्यांचा गुडघा, म्हणून मी.

आणि तंबू आमच्या टिल्लीचा. तिने स्वतः आखलेला, स्वतः शिवलेला पहिला. लहानपणी एवढीशी होती म्हणून टिल्ली. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आमचं सगळं सुती जाड कापडाचं काम. हिने मात्र नायलॉन आणलं, मुठीत मावेल असं पातळ. "बाई गं, याचा तंबू की परकर?" म्हटलं मी. हसली नाही.

हसेल कशी? तिच्या टेबलावर ते पत्र पडलंय ना. लांबच्या शहरातली मोठी कंपनी, तंबू आखायची नोकरी, राहायला जागा. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. विचारलं की म्हणते, "बघू." ह्यांनी निघताना मला दारात गाठलं आणि हळूच म्हणाले, "एवढं लक्षात ठेव. तंबू पास झाला तर पोरीचा पाय इथे रोवला जाईल. नापास झाला तर मनाला लावून घेईल आणि जाईल." आणि वर, "मी काही तुला खोटं लिही म्हणत नाही हं!" नाही म्हणत, पण चेहरा तर तेच म्हणत होता.

मला ती जायला नको आहे. वहीत तरी स्पष्ट लिहिते. नको म्हणजे नको.

निघताना टिल्ली म्हणाली, "आई, दोऱ्या मात्र—" मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून तंबूच्या दोऱ्या बांधतेय मी. गप्प बसली.

तिन्हीसांजेला आभाळ आणखी भरून आलं. उठून दोऱ्या जरा सैल सोडून आले. आता काय पडायचं ते पडू दे.

४ सप्टेंबर, बुधवार

रात्रभर पडला. आत टिपूस नाही! टिल्ली, शाबास! (पण पहिल्या रात्रीवर काही ठरत नसतं.)

सकाळचा कार्यक्रम: पातेलं बाहेर ठेवलं, पंधरा मिनिटांत चहापुरतं पावसाचं पाणी भरलं. नळापर्यंत जायला नको. चहा फक्कड झाला. मग बटाटे उकडले. मग खाल्ले. मग साडेनऊच वाजले होते.

एवढा वेळ! लग्नाला तीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत कुणी काही न मागता दिवस गेलाय असं आठवत नाही. पत्त्यांचा जोड आणलाय. एकटीनेच डाव मांडला. हरले. पुन्हा मांडला, एक पान हळूच बदललं, जिंकले. बघायला आहे कोण?

एक तक्रार लिहून ठेवते. दाराची चेन डावीकडून उघडते. जगातल्या सगळ्या तंबूंची उजवीकडून, हिची उलटी! रविवारी सांगेन तिला.

दुपारी रखवालदार दोन लाकडी फळ्या घेऊन आला. दारापुढे चिखल झाला होता, तिथे टाकल्या. मी चहा दिला. पातेल्यातला चहा पिऊन म्हणाला, "दुपारी उघडेल." साडेतीन वाजले होते. या माणसाची दुपार नक्की असते तरी कधी?

पाऊस वाढायची चिन्हं. दोऱ्या आणखी थोड्या सोडल्या.

नंतर

चेनचं कळलं! मी डावरी आहे!

आताच अंथरुणावर आडवी होते, उठले, चेन ओढली, आणि हात आपोआप तिथेच गेला. जन्मभर प्रत्येक दार, प्रत्येक कात्री, प्रत्येक मशीन उजव्या हाताच्या माणसांचं वापरलं, आणि आज माझ्या हाताला हवं तिथे दार. पुढे बघते तर उशाशी एक छोटा खिसा. चष्मा घालून पाहिला — चष्म्याच्याच मापाचा! मुक्कामाला बाप नाही, आई जाणार हे हिला कधीपासून ठाऊक? ह्यांचा गुडघा दुखायला लागला तेव्हाच तिने ठरवलं असणार.

पोरगी बोलत नाही. शिवते.

५ सप्टेंबर, गुरुवार. सकाळ

गळला.

पायाकडच्या बाजूने. पहाटे पाय गार लागले म्हणून जागी झाले तर पांघरुणाचा कोपरा चिंब. वरच्या कापडाखाली आतलं पातळ कापड आहे, त्यातून थेंब धरत होता. मोजले. मिनिटाला सात.

दुपार

जागा दोनदा पुसली, दोनदा भरली. पातेलं तिथे लावलंय. म्हणजे आता पाणी आणायला बाहेरही जायला नको! हसू येत नाही पण.

पायमोजे पोटाशी धरून वाळवले. बिस्किटं ओली झाली, चहात बुडवायचा त्रास वाचला. सरळ बघायचं ठरवलं तर प्रत्येक गोष्टीत काही ना काही सोय निघते. फक्त या थेंबात निघत नाही.

रखवालदाराच्या खोलीतून घरी फोन केला. ह्यांनी उचलला. पहिला प्रश्न, "कसा आहे?" मी म्हटलं, पाऊस आहे. "पाऊस नाही गं, तंबू!" मी म्हटलं, अजून तीन मुक्काम आहेत. ह्यांना कळलं. तीस वर्षांत माणूस एवढं ओळखायला लागतोच. मग म्हणाले, "ती आत मशीनवर आहे. गाणं गुणगुणतेय." कशाला सांगितलं मला ते!

संध्याकाळ

सारखा तोच हिशोब डोक्यात. नापास लिहिलं तर सोमवारी तिचा होकार जाणार आणि मागोमाग ती. पास लिहिलं तर ती इथे राहील, आणि हा तंबू विकला जाईल. कुणीतरी चार दिवसांची सुट्टी काढून, पोरंबाळं घेऊन यात झोपेल. त्यांच्या पायाशी पाणी. आणि तंबूवर आमचं नाव.

सासरे असते तर क्षणात लिहिलं असतं. माझ्या वेळी लिहिलंच की. पण ते सासरे होते. मी आई आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळ

थेंब दोन जागी. एक पायाशी, एक कमरेपाशी. तंबू वरून मरगळल्यासारखा दिसतोय. माझंही तसंच.

आता लिहूनच टाकते. चष्म्याच्या घरात दाभण आहे. मेण लावलेला दोराही आहे. हो, आणला मी! नियम ठाऊक असून आणला. निघायच्या आदल्या दिवशी हाताने आपोआप ठेवला, मनाला विचारलं नाही.

आतून दोन टाके मारले, वर मेण घासलं, की कुणाला कळणार नाही. थेंब बंद. मग मी लिहिलेलं पास खोटं ठरणार नाही. घरी गेल्यावर मागच्या दाराने तीच दुरुस्ती नमुन्यातही घालून टाकायची. तिला कळायचंही नाही की तिच्या तंबूत आईचे दोन टाके आहेत.

चहा पिऊन करते.

दुपार

अरे देवा. अरे देवा! काय बावळट बाई आहे मी!

नीट लिहिते. दाभणात दोरा ओवला, पाठीवर आडवी झाले आणि भोक शोधायला लागले. कुठे शिवायचं ते आधी कळायला हवं ना. पायाकडची शिवण इंच इंच बोटाने चाचपली. कोरडी. कमरेपाशीची, कोरडी. टिल्लीने कापड दोनदा दुमडून शिवण घातलीय, वरून पट्टी चिकटवलीय, आणि सुरुवातीला-शेवटी परत मागे येऊन तीन-तीन टाके. माझीच पद्धत! कधी शिकवली नव्हती मी, बघून उचलली असणार. एक टाका सैल नाही, एक भोक नाही. शिवण नवी कोरी, आणि थेंब मात्र भलतीकडून, सपाट कापडातून येतोय. जिथे शिवणच नाही तिथून! दाभण हातात धरून बसले. शिवू कुठे?

तेवढ्यात रखवालदार आला. फळ्या सरळ करून म्हणाला, "तंबूचं पोट सुटलंय, ताई." बाहेर येऊन पाहिलं. खरंच सुटलं होतं. वरचं कापड पोक काढून आतल्या कापडाला टेकलं होतं. जिथे टेकलं होतं तिथेच थेंब.

मी म्हटलं, कापडच वाईट दिसतंय. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "एक विचारू? इथे येणारे सगळे पाऊस आला की दोऱ्या ओढून घट्ट करतात. तुम्ही रोज संध्याकाळी सैल करता. तुम्ही तंबूवाल्या, तुमचं काहीतरी वेगळं असेल म्हणून मी बोललो नाही."

मी तशीच उभी. पाऊस तोंडावर.

सुती कापड भिजलं की आकसतं. घट्ट बांधलेलं असलं तर खुंट्या उपटून काढतं, नाहीतर स्वतः फाटतं. म्हणून पाऊस दिसला की दोऱ्या सैल सोडायच्या. कारखान्यातला माझा पहिला धडा तो. तीस वर्षांत हात इतका बसलाय की डोकं मध्ये येतच नाही. आणि नायलॉन? नायलॉन भिजलं की ढिलं पडतं! ते ओढून धरायचं असतं. मी रोज संध्याकाळी न चुकता, मोठ्या जाणकारीने, लेकीचा चांगला ताठ तंबू स्वतःच्या हाताने लोळवत होते. आणि गळतो म्हणून रडत होते.

"आई, दोऱ्या मात्र—" बोलू द्यायचं होतं गं तिला. एक वाक्य तर होतं.

आठही दोऱ्या ओढल्या. कापड टणक झालं, पोट गेलं, पाणी सरसर खाली. आत जाऊन पातेल्याशी बसले. थेंब मिनिटाला सात. मग तीन. मग एक. मग बसूनच राहिले, येतच नव्हता.

दोरा काढून टाकला. दाभण चष्म्याच्या घरात परत. हे कुणाला सांगणार नाही. ह्यांना तर मेले तरी नाही! जन्मभर पुरवून पुरवून हसतील.

संध्याकाळ

रखवालदाराला दोन बटाटे जास्त दिले. कशाबद्दल ते त्याने विचारलं नाही. "उद्या दुपारी उघडेल," म्हणाला.

७ सप्टेंबर, शनिवार

काय पाऊस! आजवरचे चार दिवस म्हणजे नुसता शिडकावा होता. सकाळी सहापासून धो धो. रखवालदाराच्या खोलीचं छप्पर गळतंय, तो बादली घेऊन बसलाय. समोरच्या झाडाची एक फांदी पडली. आणि मी लेकीच्या तंबूत कोरडी ठणठणीत! दर दोन तासांनी बाहेर जाऊन दोऱ्या ओढते, आत येते, अंग पुसते, पत्ते मांडते. आज पान न बदलता जिंकले.

दुपारी राहवलं नाही. बाहेर जाऊन पावसात केस धुतले. साबण लावून! कॅम्पात दुसरं माणूस नाही, रखवालदार बादलीपाशी. मोठ्याने गाणं म्हटलं, अर्ध्या ओळी विसरलेलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई चिखलात उभी राहून डोकं धुतेय. शेजारपाजारच्यांनी बघितलं असतं तर तोंडात बोट घातलं असतं. इतकं बरं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

मग तंबू नीट बघितला. आई म्हणून नाही, धंद्यातली बाई म्हणून. दाराचा वाकलेला भाग, जिथे कापड हमखास सुरकुततं, तिथे एक सुरकुती नाही. खुंट्यांच्या पिशवीचं तोंड ओल्या बोटांनीही सुटतं. कोपऱ्यांना दुहेरी कापड. मी तिच्या वयाची असताना माझ्याच्याने हे झालं नसतं. आताही होईल का, शंका आहे. अभिमान वाटतो, आणि जरासा मत्सरही. लिहायला काय, वही कुठे कुणाला वाचायला देतेय.

घरी गेल्यावर काय काय करायचं ते पडल्या पडल्या ठरवलं. खिडकीजवळची माझी जागा तिला. उजेड तिथेच चांगला येतो. माझी मशीन भिंतीकडे घेऊ, मला आता डोळे मिटूनही शिवता येतं. नायलॉनसाठी वेगळं कपाट. ह्यांना म्हणावं, दुकानाच्या पाटीवर "आणि कन्या" लिहून घ्या. लोक "आणि पुत्र" लिहितात तर आपण का नको? नवीन मालाचं सगळं ती बघेल आणि मी तिला विचारून काम करेन. गप्प बसून ऐकायला शिकेन. शिकायला हवंच!

चार वाजता खडू घेतला. दाराच्या आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरांत लिहिलं: पास.

कुणाचं मन राखायला नाही. खरोखरचं पास. सासरे असते तरी हेच लिहिलं असतं.

आता राहील. आता कशाला जाते ती!

८ सप्टेंबर, रविवार. सकाळ

उघडलं! लख्ख ऊन! रखवालदार मुद्दाम फाटकापासून इथवर चालत आला, "म्हणालो होतो ना," हे सांगायला.

टिल्ली अकराच्या बसने येणार. चहासाठी पातेलं घासायचंय अजून.

संध्याकाळ, घरी

आधी पोटभर रडले. आता लिहिते.

आल्या आल्या तिने मला मिठी मारली. मग दारापाशी थांबली, आत येईना. म्हणाली, "वाचायच्या आधी सांगते, नंतर धीर व्हायचा नाही. पत्राला होकार लिहून ठेवलाय, आई. पास असेल तर उद्या टाकते आणि महिनाअखेरीला निघते. नापास असेल तर नाही जात. इथेच राहून दुसरा शिवते, मग तिसरा. कच्चा हात घेऊन मला तिथे जायचं नाही. आणि हात तयार झाला की नाही, हे तू सोडून कुणीही सांगितलं तरी मला पटणार नाही."

मी दारात उभी होते. पाठीमागे कापडावर खडूची दोन अक्षरं. पातेलं घासून हात ओला होता माझा. मागच्या मागे एकदा फिरवला असता की अक्षरं पुसली गेली असती.

किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. तो ओला हात पुसून कोरडा केला.

मग बाजूला झाले. म्हटलं, "वाच."